वारस, नॉमिनी आणि दोन नोव्हेंबर

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला मरणाची भीती वाटत नाही. त्याला भीती वाटते ती मेलेल्या खातेदाराच्या वारसांची. खातेदार स्वतः गेल्यावर फार शहाण्यासारखा वागतो. पासबुक भरून मागत नाही, 'सर्व्हर डाऊन आहे' म्हटलं तर मॅनेजरला भेटायचा हट्ट धरत नाही. पण त्याच्यामागे दोन मुलगे, तीन मुली आणि एक जावई (ज्याचा या प्रकरणाशी कायद्याने काडीचा संबंध नसतो आणि जो सगळ्यांत जास्त बोलतो) असे मिळून माझ्या टेबलासमोर उभे राहिले, की वाटतं, गेलेला सुटला.

मयत खात्यांचं हे टेबल गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. ते मागून कोणी घेत नाही. वडिलोपार्जित दम्यासारखं ते ज्याच्या वाट्याला येतं त्याच्याकडे राहतं. या टेबलावर बसून मी एकच वाक्य हजारदा उच्चारलं असेल : "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे." हे ऐकल्यावर समोरच्या नॉमिनीचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याची समजूत अशी, की फॉर्मवर वडिलांनी आपलं नाव लिहिलं, म्हणजे पैसे आपले. मग मी त्याला समजावतो, की बाबा रे, बँक पैसे तुझ्या हातात ठेवील आणि मोकळी होईल. पण तू ते सगळ्या वारसांसाठी सांभाळायचे आहेस, विश्वस्त म्हणून. खर्च करायचे नाहीत. नॉमिनी म्हणतो, "मग मला काय मिळालं?" मी म्हणतो, "जबाबदारी." आणि पुढचा टोकन नंबर पुकारतो.

डिसेंबर २०२३ मध्ये माझे वडील गेले आणि मी स्वतःच नॉमिनी झालो. पैशांचा नव्हे. ते वडिलांनी नियमाप्रमाणे आईच्या नावे ठेवले होते. माझ्या वाट्याला एक वही आली.

पण त्याआधी आमच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी वसईचा. आडनाव ऐकून लोक विचारतात, "तुम्ही गोव्याचे का?" मी नाही म्हणतो. मग विचारतात, "मराठी छान बोलता, कुठे शिकलात?" मी सांगतो, "आईच्या पोटात." वसईत आम्ही कॅथलिक मंडळी शेकडो वर्षं केळी, पानवेली आणि मोगरा लावतो, भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जातो आणि भांडतो, प्रार्थना करतो ती मराठीच्याच कुठल्या ना कुठल्या बोलीत. आमच्या घरात सामवेदी बोली. माझी आजी लाल लुगडं नेसायची आणि चर्चला 'देऊळ' म्हणायची. "देवळात जाऊन येते," म्हणून निघायची ती थेट मिस्साला.

तर वही. लांबट, लाल कापडी बांधणीची, वाण्याकडे उधारी लिहायला असते तशी. तिच्यात आमच्या घरातली मेलेली माणसं लिहिलेली आहेत. आजीने सांगायचं आणि वडिलांनी लिहायचं, अशी ती तयार झाली. नाव, नातं, गेल्याची तारीख. तारीख ठाऊक नसेल तर 'पावसाळ्यात', 'प्लेगात', एके ठिकाणी 'विहिरीचं काम चालू असताना'. आमच्या घरात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत, त्यामुळे वहीत तीन पास्कू आणि चार इनास आहेत. बँकेत अशा चार इनासांची खाती असती तर केवायसीवाल्यांना घेरी आली असती. आजीला मात्र कधी घोटाळा झाला नाही. "हा पायाने अधू होता तो, हा गोड बोलायचा तो, हा कर्ज ठेवून गेला तो," अशी तिची ओळख पटवायची पद्धत होती.

या वहीचा उपयोग वर्षातून एकदा. दोन नोव्हेंबर हा आमचा मृतांचा स्मरणदिन. क्लुनी नावाच्या फ्रान्समधल्या मठाचे अधिपती संत ओदिलो यांनी इसवी सन ९९८ च्या सुमारास तो आपल्या मठांतून सुरू केला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. ऑक्टोबर संपत आला की आमच्या चर्चच्या ऑफिसातून घरोघर एक पाकीट आणि फॉर्म येतो. फॉर्मवर आपल्या घरच्या मृतांची नावं लिहायची, मिस्सासाठी दान पाकिटात घालायचं आणि ऑफिसात नेऊन द्यायचं. कल्पना अशी, की गेलेली सगळीच माणसं एकदम स्वर्गात जाण्याइतकी चोख नसतात आणि एकदम नरकात टाकण्याइतकी वाईटही नसतात. त्यांच्यासाठी मधे एक शुद्धिस्थान आहे. इंग्रजीत पर्गेटरी. बँकेत ज्या रकमेचं जमा की नावे हे ठरत नाही ती आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो, तसं. मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने ती नोंद लवकर निकाली निघते, अशी श्रद्धा.

आता ही श्रद्धा माझी आहे का, हा प्रश्न मला शेहेचाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी रविवारी मिस्साला जातो. पण कुठे उभा राहतो ते विचारू नका. वसईतल्या कुठल्याही चर्चच्या बाहेर रविवारी सकाळी पुरुषांची एक रांग झाडाखाली हाताची घडी घालून उभी असते. आत प्रवचन चालू असतं तेव्हा बाहेर जमिनीचे भाव आणि क्रिकेट चालू असतं. त्या रांगेत डावीकडून चौथा मी. नास्तिक नाही, कारण नास्तिक व्हायला वाचन लागतं. श्रद्धावान म्हणावं तर रोझरीच्या तिसऱ्या दशकात मला डुलकी लागते. आत आणि बाहेर यांच्यामधला जो उंबरठा असतो, तो माझा धर्म.

त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरात वही आणि फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो, तेव्हा नववीतल्या मुलीने विचारलेला प्रश्न मला अगदी बेसावध गाठून गेला.

"डॅडी, तुमचा पर्गेटरीवर विश्वास आहे?"

मी म्हणालो, "असं एकदम कसं सांगणार?"

"म्हणजे नाही. मग नावं कशाला देताय?"

"आपले पूर्वज आहेत. त्यांचा होता विश्वास."

"त्यांचा होता तर त्यांनी केलं. तुमचा नाही तर तुम्ही करताय ते खोटं ना?"

बायको आतून म्हणाली, "बापाला उलट बोलू नकोस." हे वाक्य आमच्याकडे मुलीचा मुद्दा बिनतोड असला की येतं.

मी बी.कॉम. आहे. तत्त्वज्ञान हा विषय आम्हाला नव्हता. पण मर्कंटाइल लॉ होता. त्याच्या आधारे मी बाजू मांडली. म्हटलं, मी बँकेच्या पत्रांवर 'करिता' म्हणून सही करतो. बँकेचे पैसे माझे नसतात, बँकेचं मतही पुष्कळदा माझं नसतं, म्हणून काय माझी सही खोटी होते? मी एजंट. तसाच आजीच्या वतीने ही नावं देणारा मी एजंट. माझी स्वतःची शिल्लक किती, हा प्रश्नच येत नाही.

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, की मी घसरलो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ मला परीक्षेत आलं होतं. मालक मेला की एजन्सी संपते. आजी २००१ मध्ये गेली. तेव्हा कोणाच्या करिता मी सही करत होतो? मुलीला कलम ठाऊक नव्हतं म्हणून वाचलो. पण स्वतःला ते ठाऊक असण्याची पंचाईत असते.

शिवाय पूर्वज म्हणजे नेमके कोणते, हीही एक भानगड आहे. आमच्याकडे प्रवचनात दरवर्षी सांगतात, 'आपल्या पूर्वजांनी जतन केलेली श्रद्धा'. ऐकायला गोड वाटतं. पण १५३४ मध्ये वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली, आणि त्यानंतरच्या वर्षांत केव्हातरी माझ्या एका पूर्वजाने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आमची श्रद्धा ज्याच्यापासून सुरू झाली, त्या गृहस्थाने आपल्या पूर्वजांची श्रद्धा जतन केली नव्हती! तो राजीखुशीने गेला, धाकाने गेला की जमिनीच्या तुकड्यासाठी गेला, ते कागदावर नाही. खातं उघडण्याचं कारण फॉर्मवर लिहायची पद्धत तेव्हा नव्हती. त्याचा बाप जर वही ठेवत असता, तर त्याने या मुलाचं नाव लिहिलं असतं का?

पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. शाळेत हा धडा शिकताना आम्ही वर्गातली ख्रिस्ती मुलं इतरांइतक्याच जोराने टाळ्या वाजवायचो आणि मग आपण नक्की कोणत्या बाजूचे, या विचाराने मधल्या सुट्टीत गप्प व्हायचो. पोर्तुगीज ठरल्याप्रमाणे झेंडे-नगारे घेऊन निघून गेले. आमच्या लोकांना कुठे जायचं होतं? केळीची वाडी उचलून नेता येत नाही. राजा गेला, त्याच्या धर्माचा फायदा गेला. तरी ते जपमाळ ओढत राहिले. पहिल्या पूर्वजाच्या हेतूबद्दल कोणी शंका घेतली तर मी वाद घालत नाही. पण १७३९ नंतर जे टिकून राहिले त्यांना त्यात काही मिळण्यासारखं नव्हतं, हे हिशेबाचा माणूस म्हणून मला दिसतं. खातं कोणीही उघडतो. व्याज बंद झाल्यावर ते चालू ठेवणारा निराळा.

त्या लढाईनंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले आणि त्या देवळादेवळांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर अशी एक आहे. बँकेच्या सहलीत मी ती पाहिली. १७०७ सालची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. आमच्या हेडकॅशियरनी मनोभावे नमस्कार केला आणि मग मला म्हणाले, "तुमचीच की हो ही!" मी म्हटलं, "असू द्या, आता तुमची." पितृपक्षात हे हेडकॅशियर रजा टाकतात, भात-खीर करून कावळ्याची वाट बघतात आणि कावळा वेळेवर न आल्याने मस्टरवर लाल रेघ येते, असं दरवर्षी कळवळून सांगतात. मी एकदा त्यांना विचारलं, "कावळ्यावर तुमचा विश्वास आहे?" ते म्हणाले, "कावळ्यावर कोण विश्वास ठेवतो? वडिलांवर होता."

आजीच्या श्रद्धेकडे येतो, कारण सगळा गुंता तिथे आहे.

आजीचं अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सात गेलं. फादर वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून पुटपुटायचे, आणि लोक आपले मागे जपमाळ ओढायचे. मग १९६२ ते ६५ या काळात रोममध्ये व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली आणि हळूहळू मिस्सा मराठीत आली. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. वडील सांगायचे, की घरात सगळ्यांना आनंद झाला, आजी मात्र कुरकुरली. म्हणे, "आधी कळत नव्हतं तेव्हा लक्ष लागायचं. आता अर्थच ऐकत बसते." तिला मी कधी धर्मावर बोलताना ऐकलं नाही. संध्याकाळी सात वाजता ती चटई टाकायची, आम्हा पोरांना मानगुटीला धरून गुडघ्यावर बसवायची आणि रोझरी सुरू करायची. रोझरीच्या शेवटी वहीतल्या सगळ्यांची नावं तोंडपाठ घ्यायची. आणि त्यानंतर एक शेपूट : "आणि ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी." त्यांच्यासाठी आणखी एक प्रार्थना. तोवर आमचे गुडघे गेलेले असायचे आणि ज्यांचं कुणी नाही त्या मेलेल्यांचा आम्हाला भयंकर राग यायचा. पुढे बँकेत लागल्यावर मला कळलं, की दहा वर्षं कोणी दावा न केलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. आजीने तो निधी फार आधी सुरू केला होता.

तिला तीन मुलगे. मधला माझा काका. तो शाळेत शिक्षक होता, पुष्कळ वाचायचा, आणि विशीतच केव्हातरी त्याने देव सोडला. भांडून नव्हे. एखादा माणूस तंबाखू सोडतो तसा, शांतपणे. १९७१ मध्ये त्याने गिरगावातल्या एका हिंदू मुलीशी रजिस्टर लग्न केलं आणि डोंबिवलीला बिऱ्हाड केलं. सुट्टीत यायचा. रोझरीच्या वेळी ओटीवर पेपर वाचत बसायचा. आजी त्याला हाक मारायची नाही आणि तो पानं वाजवायचा नाही, असा करार होता.

जुलै १९९४ मध्ये काका गेला. पन्नाशीही नव्हती. जाण्यापूर्वी त्याने एक चिठ्ठी लिहून ठेवली होती : माझ्या नावाने काही करू नये. दिवस नाहीत, मिस्सा नाही. डोंबिवलीलाच त्याला अग्नी दिला. बातमी घेऊन वडील आले तेव्हा आजीने पहिलं काय विचारलं असेल? "जेवला होता का?"

बँकेच्या भाषेत ती चिठ्ठी म्हणजे स्टॉप पेमेंट. खातेदाराने लेखी सूचना दिली, की या चेकचे पैसे देऊ नका. ती डावलणारा क्लार्क निलंबित होतो.

आजीने ती डावलली नाही. तिने वाचली. म्हणजे वडिलांकडून वाचून घेतली, दोनदा. आणि त्या नोव्हेंबरात फॉर्म भरताना वडिलांना म्हणाली, "एक ओळ मोकळी सोड. आणि एका नावाचं दान जास्त घाल." वडील म्हणाले, "आये, त्याने नको सांगितलंय." ती म्हणाली, "त्याने सांगितलं माझ्या नावाने नको. मी नाव कुठे लिहिते? ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी दे." बाई तिसरी शिकलेली. आमच्या बँकेत असती तर लीगल डिपार्टमेंटला पोचली असती.

तेव्हापासून वहीत एक मोकळी ओळ आहे. वडील वहीतूनच फॉर्मवर उतरवून काढत, म्हणून तिथेही. आजी होती तोवर ती, आणि ती गेल्यावर वडील, २०२३ पर्यंत दरवर्षी मोकळी ओळ आणि एक दान जास्त. त्यांनी मला याबद्दल काही सांगितलं नव्हतं. वही हातात आल्यावर मी आईला विचारलं तेव्हा हे कळलं.

आता ही ओळ मी काय करायची? आजीच्या श्रद्धेचा मान ठेवायचा तर ओळ आणि दान दोन्ही चालू ठेवायला हवं. काकाचा मान ठेवायचा तर बंद करायला हवं. तोही माझा पूर्वजच, आणि श्रद्धा नसणं हीदेखील त्याने जन्मभर सांभाळलेली गोष्ट होती. झाडाखालच्या रांगेत उभं राहून मिळवलेली नव्हे. आजवर मी समजत होतो, की पूर्वजांना मान देणं म्हणजे मान खाली घालणं. इथे दोन पूर्वज दोन दिशांना तोंड करून उभे. मान कुठे घालणार?

मुलीला सगळं सांगितलं. ती ताबडतोब म्हणाली, "मग पणजीने फ्रॉडच केला!" नवव्या इयत्तेत सगळं कसं स्वच्छ दिसतं.

मी फादरांना गाठलं. आमचे फादर तरुण आहेत, मोटरसायकलवरून फिरतात. त्यांनी हेल्मेट न काढता निकाल दिला. म्हणाले, "१९८३ च्या धर्मसंहितेत कॅनन ९०१ आहे. जिवंत असो की मृत, कोणासाठीही मिस्सा अर्पण करायला धर्मगुरू मोकळा आहे." मला हायसं वाटलं. मग गाडीला किक मारता मारता म्हणाले, "म्हणजे मला परवानगी आहे. तुम्हाला आहे का, ते तुमचं तुम्ही बघा." शिवाय घरी जाऊन मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय वाचायला सांगितलं. मृतांसाठी प्रार्थना करण्याला आमच्याकडे जो आधार देतात, तो तिथला. प्रॉटेस्टंट मंडळी हा ग्रंथ बायबलमध्ये धरत नाहीत, तो भाग वेगळा.

वाचला. सवयीप्रमाणे आधी आकड्यावर नजर गेली : लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबीने वर्गणी काढून चांदीचे दोन हजार द्राख्मा जेरुसलेमला पाठवले. मग मजकूर वाचला आणि थबकलो. हे सैनिक पुरायला उचलले, तेव्हा त्यांच्या अंगरख्यांखाली दुसऱ्या देवांचे ताईत सापडले होते. म्हणजे आमची ही सगळी रीत ज्या गोष्टीवर उभी आहे, त्या गोष्टीतले मेलेले आपल्या देवाशी पुरते प्रामाणिक नव्हतेच. मागे राहिलेल्यांनी ताईत बघितले आणि तरी वर्गणी काढली. मला आजी आठवली. पण काकाच्या अंगरख्याखाली काही लपवलेलं नव्हतं. त्याने तर चिठ्ठी लिहून दिली होती.

त्या रात्री मला करार कायद्याचं आणखी एक कलम आठवलं : २०९. मालक मेल्यामुळे एजन्सी संपली, तरी एजंटाने हात झटकायचे नाहीत. ताब्यात असलेल्या गोष्टी मालकाच्या वारसांतर्फे नीट राखण्यासाठी जे योग्य ते करायचं. परीक्षेत हे कलम मी ऑप्शनला टाकलं होतं. आता अंथरुणात उठून बसलो. 'वारसांतर्फे' हा शब्द मला टोचला. काकाची कायदेशीर वारस डोंबिवलीत होती. बँकेत मी एका वारसाची सही नसली तर फॉर्म परत करतो, रत्नागिरीहून बोलावून घेतो. आणि घरात आम्ही तीस वर्षं काकीला न विचारता तिच्या नवऱ्याचा व्यवहार चालवत होतो.

सकाळी फोन केला. काकी पंचाहत्तरीच्या पुढे आहे. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मला विचारतंय."

मी म्हटलं, "काकी, चुकलंच आमचं."

"त्यांना ठाऊक होतं रे. हॉस्पिटलात म्हणाले होते, आई काहीतरी पळवाट काढील. काढू दे. तिला अडवू नका."

"मग त्यांची परवानगी होती म्हणायची?"

"सासूबाईंना होती. तुम्हाला कुठे होती?"

बँकेत इतका नेमका माणूस मला भेटलेला नाही. मी विचारलं, "आणि तुम्हाला काय वाटायचं?"

थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज आला. मग म्हणाली, "राग यायचा. माणूस जन्मभर एक गोष्ट सांगतो आणि गेल्यावर कुणी ऐकत नाही. आता राग नाही येत. आता त्यांचं नाव काढणारी माणसं किती उरलीत? तू नाव लिहू नकोस. बाकी तुझं तू बघ."

पुन्हा 'तुझं तू बघ'. फादर आणि काकी, दोघांनीही तेच सांगितलं.

मग मी फॉर्म भरायला बसलो आणि हिशेबनीस करतो ते केलं. मिसळलेल्या दोन रकमा वेगळ्या केल्या. आजीने काकाची ओळ आणि ज्यांचं कुणी नाही त्यांचं दान हे एकात एक घातलं होतं. ते तिने करावं, तिला परवानगी होती. मी 'ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी' अशी एक स्वतंत्र ओळ सर्वांत खाली लिहिली आणि तिच्यापुढे दान मांडलं. ती आजीची जुनी ठेव, ती चालू राहायला हरकत नव्हती. काकाची ओळ जिथे होती तिथे मोकळी ठेवली, आणि तिच्यापुढे पैसे मांडले नाहीत.

मुलगी म्हणाली, "पैसे नाहीत, नाव नाही, मग ओळ कशाला?"

म्हटलं, "ओळ काढली तर काकाआजोबा वहीतूनच जातील." तिला ते पटलं की नाही कळलं नाही, पण फूटपट्टी आणून त्या ओळीखाली तिने सरळ रेघ मारून दिली. मी हाताने मारली होती ती वाकडी होती म्हणे.

त्या वर्षी आणखी एक नाव वाढवायचं होतं. वहीतली बाकीची सगळी नावं वडिलांच्या अक्षरात आहेत. त्यांचं स्वतःचं तेवढं माझ्या. लिहायला बराच वेळ लागला. अक्षर बिघडू नये म्हणून.

चर्चच्या ऑफिसात आता कॉम्प्युटर आहे. नावं टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. म्हणाल्या, "सर, इथे एक राहिलंय बघा." मी म्हटलं, "राहिलेलं नाही. मोकळी आहे." "मग मी खालचं वर घेऊ?" बँकेत आम्ही मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारतो, मागाहून कोणी काही लिहू नये म्हणून, हे शिकवणारा मीच. त्यांना म्हटलं, "नको, असू द्या." त्यांच्या मशीनला मोकळी ओळ चालेना. शेवटी त्यांनी तिथे एक टिंब टाकलं. मशीनने ते स्वीकारलं.

२०२४ मध्ये दोन नोव्हेंबरला पाडवा आला होता, म्हणून बँकेला सुट्टी. संध्याकाळी आसपासच्या घरांवर आकाशकंदील आणि दफनभूमीत मेणबत्त्या, असा सगळा उजेडच उजेड. काकी डोंबिवलीहून आली होती. कुणी बोलावलं नव्हतं. दिव्याला वसई रोडची गाडी बदलून, पाडव्याच्या गर्दीत, पिशवीत झेंडूची फुलं घेऊन. मला म्हणाली, "सासूबाईंची कबर कुठली?" मी सांगितलं, आमच्याकडे कबर ही मुदत ठेव असते, कायम ठेव नव्हे. जागा अपुरी, काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात. आजीच्या अस्थी आता भिंतीतल्या कोनाड्यात आहेत. आजोबांबरोबर आणि चारांपैकी दोन इनासांबरोबर.

फादर पवित्र पाणी शिंपडत रांगेतून गेले. थोडं काकीच्या पातळावरही उडालं. तिने ते पुसलं नाही. मुलीने वहीबरहुकूम मेणबत्त्या मोजून आणल्या होत्या, भिंतीपाशी ओळीने लावल्या, आणि म्हणाली, "डॅडी, एक उरली."

मी काही बोलायच्या आत काकीने ती तिच्या हातातून घेतली. "दे इकडे," म्हणाली. "उगाच उरवू नये. दहा रुपये घेतात एकीचे."

वारा होता. मेणबत्ती दोनदा विझली. काकीने पदराचा आडोसा केला आणि मला म्हणाली, "नुसता बघत काय राहिलास? काडी दे."